थोरलीला कोणत्या शाळेत घालायचे?

मार्च महिना सरत आला की आमच्या वस्तीत दोनच विषय असतात. एक जयंतीच्या वर्गणीचा आणि दुसरा शाळेचा. कोणाचे लेकरू कोणत्या शाळेत जाणार, दाखला कधी काढायचा, कोणते सर चांगले शिकवतात, याची चर्चा नळावर होते, विहारात वंदना झाल्यावर होते, आणि रात्री अंगणात बाज टाकल्यावरही होते. गेल्या वर्षी ही चर्चा आमच्याच घरात दोन महिने चालली. तिच्यापायी आम्ही दोघे भांडलो, रडलो, चार दिवस अबोलाही धरला. शेवटी जे ठरले आणि का ठरले, ते इतर आईबापांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे सांगत आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही नवराबायको. एक नांदेडला एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, दुसरी अंगणवाडी सेविका. घरात लेकरांची आजी आणि दोन मुले. थोरली मुलगी महापालिकेच्या शाळेत शिकत होती. ती शाळा सातवीपर्यंतच. आठवीला दुसरीकडे जाणे भागच होते. पोरगी अभ्यासात बरी, गणितात थोडी कच्ची. डॉक्टर व्हायचे तिने चौथीपासून ठरवलेले. पाचवीत असताना बिलोली तालुक्यातल्या शंकरनगरच्या नवोदय विद्यालयाची परीक्षा दिली होती, पण नंबर लागला नाही.

आता आमच्यापुढे तीन वाटा होत्या. एक, लातूरची नामांकित शाळा. दुसरी, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी असलेली शासकीय निवासी शाळा. तिसरी, घरापासून दोन किलोमीटरवरची नांदेडातलीच अनुदानित माध्यमिक शाळा.

नातेवाइकांना विचारले तर सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, लातूर! त्यांचेही चूक नव्हते. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. तिथल्या शिक्षकांनी नेमाने शिकवून, अभ्यासक्रम वेळेआधी संपवून, पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊन बारावीच्या निकालात मुंबई-पुण्याच्या पोरांना मागे टाकले, तेव्हापासून 'लातूर पॅटर्न' हे नाव घरोघर झाले. पुढे शाळांनीही तीच शिस्त उचलली. मराठवाड्यातल्या गरिबाच्या लेकरालाही मेहनतीने वर जाता येते, हे लातूरने दाखवले. आमच्या वस्तीतली दोन मुले तिथूनच एमबीबीएसला लागली. त्यांच्या मिरवणुकीत आम्हीही नाचलो आहोत.

म्हणून एप्रिलमध्ये आम्ही तिघे लातूरला गेलो. मायलेकींचे अर्धे तिकीट, आणि पप्पांना खात्याचा पास. लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला पोहोचली. मुलीची आत्या तिथेच राहते. पण तिच्या एका खोलीत पाच माणसे, सहाव्याला जागा कुठली? म्हणून आधी शाळा बघायची आणि मग मुलींसाठी खोली, असा बेत होता.

शाळा खरेच चांगली होती. स्वच्छ, शिस्तीची. भिंतीवर गुणवंतांचे फोटो. एका सरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका दाखवल्या. मुलाचे कुठे चुकले ते लाल शाईने ओळीओळीला लिहिलेले होते. आमच्या शाळेत अशी उत्तरपत्रिका आम्ही जन्मात पाहिली नव्हती. सर म्हणाले, "प्रवेश देऊ. पण तुकडी चाचणीवर ठरेल." कायद्याने आठवीपर्यंत प्रवेशासाठी परीक्षा घेता येत नाही, म्हणून तिला 'तुकडी चाचणी' म्हणतात, हे आम्हाला नंतर कळले. चाचणी झाली. थोरलीचे नाव शेवटच्या तुकडीत आले. पहिल्या तुकडीला कोण शिकवते आणि शेवटच्या तुकडीला कोण, हे आम्ही विचारले. सरांनी खरे ते सांगितले. अनुभवी शिक्षक पहिल्या तुकडीला. शेवटच्या तुकडीच्या वर्गापुढून आम्ही मुद्दाम चालत गेलो. बाहेर लावलेल्या यादीतली आडनावे वाचली. आपली, मातंगांची, बंजाऱ्यांची, मुसलमानांची. पहिल्या तुकडीच्या यादीत अशी आडनावे बोटावर मोजण्याइतकी.

मग खोली बघायला गेलो. एका दारावर 'मुलींसाठी खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मालकीणबाई गोड बोलल्या. पाणी दिले. पोरीला मार्क विचारले. मग आडनाव विचारले. मग म्हणाल्या, "खोली तशी कालच दिली हो आमच्या ह्यांनी. मला सांगायचंच राहिलं." आम्ही पायऱ्या उतरलो. पाटी दारावर तशीच होती.

खोली, मेस आणि शिकवणी मिळून वर्षाचा हिशेब लाखाच्या पुढे जात होता. एखादी दुसरी खोली शोधली असती, सोसायटीचे कर्जही काढले असते. पण परतीच्या गाडीत अहमदपूरच्या स्टँडवर पोरीने विचारले, "पप्पा, शेवटच्या तुकडीतल्या पोरी पण डॉक्टर होतात का?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

घरी आल्यावर आजीने सगळे ऐकून घेतले. आजीला १९७८ साल आठवते. त्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आपल्या नांदेड जिल्ह्यातच टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. आजी एका रात्री लेकरू कडेवर घेऊन गाव सोडून निघाली होती. तेव्हा थोरला मुलगा तिसरीत होता. दोन महिन्यांनी परत आल्यावर त्याने शाळेचे तोंड पुन्हा पाहिले नाही. पुढे मोंढ्यात हमाली करता करता तो म्हातारा झाला. आजी एवढेच म्हणाली, "लेकराला लई शिकवा माय. पर एकलीला नका ठिवू."

इथून आम्हा दोघांचे मतभेद सुरू झाले. ते लपवण्यात अर्थ नाही.

मुलीच्या आईचे म्हणणे, शासकीय निवासी शाळाच बरी. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सगळे मोफत. बहुतेक मुली आपल्याच समाजाच्या. कोणी आडनाव विचारणार नाही, कोणी डबा लांब धरणार नाही. आई स्वतः मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. ती म्हणाली, "मला तिथं कोणी कमी लेखलं नाही. पोटभर जेवले आणि पोटभर अभ्यास केला. माझ्या लेकीला रोज अपमान मोजायला मी पाठवणार नाही."

मुलीच्या वडिलांचे म्हणणे उलटे. ते लोहा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात सगळ्या जातींच्या मुलांबरोबर शिकले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा ते आठवीत होते. तो दिवस संक्रांतीचा होता. पुढे शाळा उघडली तेव्हा वर्गात तिळगुळाचा डबा फिरला. तो डबा यांच्या बाकाला वळसा घालून पुढे गेला. गुरुजी खाली मान घालून हजेरी लिहीत राहिले. डबा शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आल्यावर शेजारच्या सुताराच्या पोराने आपला लाडू मधोमध तोडला आणि अर्धा यांच्या हातावर ठेवला. तोंडाने काही बोलला नाही. त्या गोष्टीला तीस वर्षांवर काळ लोटला. अजून दर संक्रांतीला त्याचा फोन येतो. "त्या वर्गात मला अपमानही मिळाला आणि मित्रही मिळाला," मुलीचे वडील म्हणाले. "वेगळ्या शाळेत यातलं काहीच मिळालं नसतं. आज वर्कशॉपमध्ये साहेबासमोर मी मान वर करून बोलतो, ते त्या बाकावरच शिकलो."

आईला हे पटले नाही. अर्धा लाडू कसला कौतुकाचा, असे ती म्हणाली. पण तीन-चार दिवसांनी रात्री भाकरी थापता थापता तिने आपणहून सांगितले की, नोकरी लागल्यावर अंगणवाडीच्या प्रशिक्षणाला गेली तेव्हा पहिले आठ दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सगळे येत होते, पण बाकीच्या जातींच्या बायांसमोर उभे राहायची सवय नव्हती. तिच्या वसतिगृहाने तिला शिकवले, सांभाळले. पण ही सवय तिला तिथे लागली नाही.

आम्ही दोघेही अर्धे खरे होतो. मग या प्रश्नावर आपल्या थोरांनी काय केले, ते पाहायचे ठरवले. विहारातल्या कपाटात पुस्तके आहेतच.

बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत घातले गेले ७ नोव्हेंबर १९०० रोजी. ती शाळा सगळ्यांची होती, पण बसायला गोणपाट घरून न्यावे लागे, आणि तहान लागली तर शिपाई येऊन नळ सोडीपर्यंत थांबावे लागे. शाळा एकच होती, तरी बाबासाहेबांना तिच्यात वेगळेच बसवले होते. याच्या उलट कोल्हापुरात काय झाले ते पाहा. शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम काढला आणि आपल्या मुलांना सगळ्यांच्या शाळेत बसवले. पण त्याच महाराजांनी त्याआधी, १९०८ साली, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू करायला मदत केली होती, आणि ते त्यांनी बंद केले नाही. बाबासाहेबांनीही बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत १९२५ साली सोलापूरला आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये काढली, मुंबईचे सिद्धार्थ १९४६ साली आणि औरंगाबादचे मिलिंद १९५० साली, तेव्हा त्यांची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी ठेवली.

हे वाचताना आमच्या डोक्यात उजेड पडला. राहायला आणि अभ्यासाला बळ आपल्या माणसांचे, पण शिकायला वर्ग सगळ्यांचा! आमच्या घरात आई वसतिगृहाची बाजू घेत होती आणि वडील वर्गाची. थोरांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या होत्या.

आणखी एक गोष्ट याच निमित्ताने कळली. लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्याची ओळख मराठी वाचकांना करून देणाऱ्यांत त्यांचे नाव मोठे आहे. त्या लोकांचीही लढाई शाळेपासूनच होती. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ साली लिटल रॉक गावच्या हायस्कुलात नऊ काळी मुले गेली, तेव्हा त्यांना आत नेण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. पण शाळा एक झाल्यावरही भेद दुसऱ्या दाराने आत आला. तो आला तुकड्यांच्या रूपाने. गुणांप्रमाणे तुकड्या पाडायच्या, काळी मुले खालच्या तुकडीत, आणि त्यांना शिकवायचेही कमी. वॉशिंग्टन शहरातल्या शाळांची ही पद्धत अन्यायाची आहे, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९६७ साली दिला. हे वाचल्यावर लातूरच्या त्या वर्गाबाहेरची यादी आमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

म्हणून तिसऱ्या शाळेत, म्हणजे नांदेडातल्या अनुदानित शाळेत, आम्ही वेगळ्या नजरेने गेलो. नुसता दहावीचा निकाल विचारून परत आलो नाही. निकाल मध्यमच होता, हे खरे. गणिताच्या सरांची जागा रिकामी होती, हे त्याहून वाईट. पण मैदानावर पाहिले तर अख्खे नांदेड तिथे होते. उर्दू बोलणाऱ्या मुली, गुरुद्वाऱ्याकडच्या शीख मुली, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या मुली, खेड्यांतून येणाऱ्या मराठ्यांच्या आणि तांड्यावरच्या मुली. मधल्या सुट्टीत आम्ही खिचडीच्या रांगेजवळ उभे राहिलो. आठवीपर्यंत पोषण आहार असतो. कोण कोणाच्या शेजारी बसते ते पाहिले. पाण्याच्या टाकीजवळही उभे राहिलो. मुली जातीप्रमाणे बसत नव्हत्या, गल्लीप्रमाणे बसत होत्या. अगदी सगळे एक झाले आहे असे नाही, पण कोणी कोणाला उठवत नव्हते.

मग मुख्याध्यापकांना विचारले, तुकड्या कशा पाडता? ते म्हणाले, सेमी इंग्रजीची तुकडी गुणांप्रमाणे, बाकीच्या हजेरीप्रमाणे. आम्ही विचारले, गणित-विज्ञानाला तीन तुकड्यांना एक शिक्षक आणि सेमीला दुसरे, असे का? त्यांना हा प्रश्न आवडला नाही. पण त्यांनी उत्तर टाळलेही नाही.

मे महिन्यात निर्णय झाला. पोरगी नांदेडातच शिकेल. पण आजीचे म्हणणे आम्ही ध्यानात ठेवले. एकटी जायची नाही. वस्तीतल्या आणखी तीन मुलींच्या घरी आम्ही जाऊन बसलो. एकीचे वडील बिगारी, एकीची आई घरकाम करते, एकीचे वडील रिक्षा चालवतात. चौघींचा दाखला एकाच दिवशी नेला. चौघी मिळून चालत जातात, चालत येतात.

गणिताच्या रिकाम्या जागेवर रडत बसलो नाही. विहारातल्या खोलीत संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका सुरू केली. वस्तीतला एक बी.एस्सी. झालेला पोरगा गणित घेतो. लातूरच्या सरांनी दाखवलेली लाल शाईची पद्धत आम्ही त्याला सांगितली. दर रविवारी चाचणी, आणि चुकलेले गणित तीनदा सोडवायचे. लातूरचे जे चांगले ते आम्ही असे घरी आणले. वर्गातल्या दोन मुसलमान मुलीही अभ्यासिकेला यायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीची मोठी बहीण इंग्रजी शिकवते. रविवारच्या चाचणीला आता विहारातल्या सतरंज्या कमी पडतात.

एक वर्ष झाले. सगळे गोड झाले असे खोटे सांगणार नाही. पहिल्या घटक चाचणीत थोरलीला गणितात वीसपैकी आठ गुण पडले. घरात सुतक पडल्यासारखे झाले. लातूरला टाकले असते तर, असे दोघांच्याही मनात आले. ऑगस्टमध्ये एका मुलीने हिच्या डब्यातली भाजी घेतली आणि दुसरीने तिला खुणावल्यावर परत ठेवली. पोरगी घरी येऊन जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आई शाळेत गेली आणि वर्गशिक्षिकाबाईंना शांतपणे सांगितले. बाईंनी कोणाला रागावले नाही. त्या दिवसापासून दर सोमवारी बाक बदलायचा नियम केला. ज्या मुलीने भाजी परत ठेवली होती, ती डिसेंबरात पंधरा दिवस आजारी पडली. तिच्या वह्या थोरलीने पूर्ण करून दिल्या. मैत्री झाली का, हे आम्ही विचारले नाही. वार्षिक परीक्षेत गणितात पोरगी पंचेचाळीस टक्क्यांवरून अडुसष्टवर आली. डॉक्टर व्हायला एवढे पुरत नाही, हे तिलाही माहीत आहे.

तुकडीचा प्रश्न सुटलेला नाही. चौघींपैकी दोघी सेमीत आहेत, दोघी नाहीत. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. अनुदानित शाळेत ही समिती सल्ल्यापुरती असते, पण सल्ला द्यायला कोणी अडवत नाही. अंगणवाडी सुटल्यावर आई बैठकीला जाते आणि हाच एक विषय मांडते. प्रशिक्षणात आठ दिवस गप्प बसलेली बाई आता मुख्याध्यापकांसमोर उभी राहून बोलते. मुख्याध्यापक म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. आम्ही पुढच्या वर्षीही जाणार.

लातूरचे दार आम्ही बंद केलेले नाही. दहावीनंतर अकरावीला ती जाऊ शकेल. तेव्हा शासकीय वसतिगृह आहे. त्यात नंबर लागला नाही तर अकरावीपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या अटी आणि कागदपत्रे दहावीतच बघून ठेवावीत, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. तोवर तिला पाय रोवून उभे राहता येईल. खोलीच्या दारात कोणी आडनाव विचारले तर ती खाली मान घालून पायऱ्या उतरणार नाही.

ज्यांच्या लेकी निवासी शाळेत आहेत त्यांनी मन लहान करू नये. ज्या खेड्यात एकटेच घर आहे, जिथे बापाला ऊसतोडीला जावे लागते, तिथे ती शाळा लेकराला तारते. ज्यांची मुले लातूरला पहिल्या तुकडीत आहेत त्यांचे आम्हाला कौतुकच आहे. आमचे सांगणे एवढेच की शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या फोटोंपाशी थांबू नका. कोणत्या तुकडीत कोणाची लेकरे बसतात आणि त्यांना कोण शिकवते, ते विचारा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ दहा मिनिटे उभे राहा. वर्गात आपली किती लेकरे आहेत ते पाहा, आणि एकच असेल तर आणखी दोघांना बरोबर न्या. टक्के कमी असतील तर विहारात दिवा लावून भरून काढता येतात. वर्गात सगळ्यांच्या बरोबरीने बसायची सवय मात्र घरी लावता येत नाही.

जून जवळ आला आहे. धाकट्याची आता चौथी झाली. म्हणजे आमच्या घरी पुन्हा भांडण होणारच. या खेपेला थोरलीला मध्ये घेऊ म्हणतो. तिला आता आमच्यापेक्षा जास्त कळते.